‘ती ओरडली का नाही?’ हा प्रश्न कुठून आला आणि शरीराकडे त्याचं उत्तर काय आहे

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट एसटी आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली. ती फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. तक्रारीनुसार आरोपीने तिला ‘ताई’ म्हणून हाक मारली, तुमची गाडी तिकडे लागली आहे असं सांगितलं आणि अंधारात उभ्या असलेल्या बसपर्यंत नेलं. पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर होती. दोन दिवसांनी राज्याचे गृहराज्यमंत्री पत्रकारांसमोर म्हणाले की झटापट झाली नाही, जे झालं ते शांतपणे झालं, त्यामुळे आसपासच्या लोकांना काही कळलं नाही. टीका झाली, मग खुलासाही आला. पण तोवर घराघरांत तोच प्रश्न विचारला जात होता: एवढी माणसं होती, मग ती ओरडली का नाही?

हा प्रश्न आमच्या तपासणीच्या खोलीतही येतो. कधी आई विचारते, कधी नवरा, कधी सोबत आलेली काकू. विचारणारा प्रत्येक वेळी दुष्ट असतो असं नाही. पुष्कळदा तो घाबरलेला असतो, आणि तिच्या वागण्यात काही चूक सापडली तर आपल्या दुसऱ्या मुलीला वाचवता येईल असं त्याला वाटत असतं. पण ज्या मुलीला हा प्रश्न विचारला जातो तिच्यापर्यंत एकच गोष्ट पोहोचते: माझ्यावर विश्वास नाही. त्यानंतर ती डॉक्टरलाही पूर्ण सांगत नाही, आणि उपचाराचे मोलाचे तास हातातून जातात. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतो आहे.

प्रश्न आपल्या पिढीचा नाही

बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या २२व्या अध्यायात वाग्दान झालेल्या कुमारिकेबद्दल नियम आहे. प्रसंग नगरात घडला तर दोघांनाही दगडमार, कारण ती नगरात असूनही ओरडली नाही. रानात घडला तर फक्त पुरुषाला मृत्युदंड, कारण ती ओरडली असेल पण वाचवायला कोणी नव्हतं. नियम करणाऱ्याने रानातल्या मुलीला संशयाचा फायदा दिला, आणि त्या काळाच्या मानाने ते थोडं नव्हतं. पण न्यायाची मोजपट्टी आवाज हीच राहिली. त्याच अध्यायात वाग्दान न झालेल्या मुलीच्या बाबतीत पुरुषाने तिच्या बापाला पन्नास शेकेल चांदी द्यायची आणि तिच्याशी लग्न करायचं, असं सांगितलं आहे. नुकसान बापाचं झालं आणि भरपाई बापाला मिळाली. ‘त्याच्याशीच लग्न लावून द्या, प्रकरण मिटवा’ असा सल्ला आजही गावच्या बैठकीत ऐकू येतो, तेव्हा त्यामागे हाच हिशेब असतो.

आपल्याकडची अहल्येची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती एकसारखी सांगितलेली नाही, हे फार जणांना माहीत नसतं. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात तिने इंद्राला वेषांतरातही ओळखलं होतं. उत्तरकांडात ती सांगते की मला कळलंच नाही, तो तुमच्या रूपात आला होता. एकीकडे संमती आहे, दुसरीकडे फसवणूक आहे. आजच्या कायद्याच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शाप मात्र दोन्ही ठिकाणी तिलाही मिळतो. इंद्रालाही शिक्षा होते, हे खरं. पण लोकांच्या स्मरणात शिळा होऊन पडलेली तीच राहिली.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. वसिष्ठ धर्मसूत्र स्पष्ट सांगतं की जिच्यावर बळजबरी झाली किंवा जी चोरांच्या हाती सापडली, त्या स्त्रीला टाकू नये. देवल स्मृतीत परकीयांनी पळवून नेलेल्या स्त्रियांना परत घेण्याचे विधी आहेत. म्हणजे ‘धर्मातच बसत नाही’ असं म्हणून मुलीला घराबाहेर काढणाऱ्याला ग्रंथांचा आधार वाटतो तेवढा मिळत नाही. तरीही हे ग्रंथ नीट वाचले की एक गोष्ट खटकते. तिला परत घ्यायचं ते पाळी येऊन गेल्यावर, ती ‘शुद्ध’ झाल्यावर. इतक्या मायाळू नियमातही गृहीत हेच आहे की जे घडलं त्याने तीच मळली. गुन्हा दुसऱ्याने केला आणि धुऊन निघायचं तिने.

इसवी सन ४१० मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांच्यापैकी काहींनी जीव दिला नाही, म्हणून लोक नावं ठेवू लागले. संत ऑगस्टीनने त्यांची बाजू घेतली: पावित्र्य मनाचं असतं, दुसऱ्याच्या बळजबरीने ते जात नाही. मग तोच ऑगस्टीन अत्याचारानंतर आत्महत्या केलेल्या जुन्या रोममधल्या लुक्रेशियाची उलटतपासणी घेतो: ती निर्दोष होती, तर तिने स्वतःला का मारलं? बाजू घेणाऱ्यालाही संशय सोडवला नाही. इस्लामच्या न्यायशास्त्रात जबरदस्ती झालेल्या स्त्रीला शिक्षा नाही. तरीही पाकिस्तानात १९७९च्या हुदूद अध्यादेशानंतर, १९८३ साली, एका दृष्टिहीन मुलीचं गर्भारपण हाच तिच्या व्यभिचाराचा पुरावा मानला गेला, आणि पुरुष पुराव्याअभावी सुटला. बराच गदारोळ झाल्यावर शरियत न्यायालयाने तिला सोडलं. तो कायदा बदलायला २००६ साल उजाडलं.

कोणाचा धर्म जास्त वाईट हे मोजण्यासाठी ही उदाहरणं दिलेली नाहीत. सगळीकडे दयेचा आवाजही आहे आणि संशयाचाही, आणि माणसं बहुतेक वेळा दुसरा उचलतात.

मंदिर-चर्चमधून न्यायालयात, तिथून आमच्या पाठ्यपुस्तकात

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मॅथ्यू हेल नावाचे मोठे न्यायाधीश होऊन गेले. त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर, १७३६ साली छापला गेला. बलात्काराचा आरोप करणं सोपं आणि तो खोडणं कठीण, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी न्यायाधीशाने पाहायच्या गोष्टी सांगितल्या: बाईची ख्याती कशी आहे, तिने लगेच सांगितलं का, अंगावर खुणा आहेत का, लोकांना ऐकू जाईल अशा जागी असूनही ती गप्प राहिली का. पाहा, नगर आणि रान पुन्हा आलं. नवरा बायकोवर बलात्कार करूच शकत नाही, हे तत्त्वही याच ग्रंथातलं. इंग्लंडने ते १९९१ मध्ये सोडलं. आपल्या २०२३च्या भारतीय न्याय संहितेत बायको अठरा वर्षांवरची असेल तर ती सूट अजूनही कायम आहे. (लग्नातल्या लैंगिक जबरदस्तीविरुद्ध २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागता येतं. हे बऱ्याच बायकांना माहीत नसतं, म्हणून इथेच सांगून ठेवतो.)

हेल यांचा हा संशय इंग्रजांबरोबर भारतात आला. १८७२च्या पुरावा कायद्यात, तक्रारदार स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे हे दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा आरोपीला होती. ते कलम काढायला २००२चा दुरुस्ती कायदा यावा लागला. तब्बल १३० वर्षं.

आणि चारित्र्य मोजणार कोण? तिथे डॉक्टर आला. बलात्काराच्या तपासणीत योनिमार्गात दोन बोटं घालून तो ‘सैल’ आहे का ते पाहायचं आणि त्यावरून मुलीला शरीरसंबंधाची ‘सवय’ आहे की नाही हे लिहायचं, अशी रीत पडली. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. आमच्या पिढीनेही ‘कौमार्याची लक्षणं’ परीक्षेसाठी पाठ केली आहेत.

त्याचा परिणाम काय झाला हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने प्रसिद्ध आहे, पण मी ते नाव मुद्दाम लिहीत नाही. डॉक्टरांच्या अंदाजाने ती चौदा ते सोळा वर्षांची होती. अहवालात होतं: अंगावर इजा नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेलं, दोन बोटं सहज जातात. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हणत आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. चौकीत पोलिसांसमोर गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या न्यायाधीशांना कळलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर खुणा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणून जे झालं ते शांततेत झालं, असा त्याचा आशय होता. ‘शांतपणे’ हा शब्द स्वारगेटनंतर पुन्हा ऐकला, तेव्हा मला हे निकालपत्र आठवलं.

त्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं, असं ठरलं. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा झाला.

डॉक्टरांच्या बाजूचा बदल याहून संथ होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासणीविरुद्ध अभ्यास करून २०१०च्या सुमारास नागपूर खंडपीठात दाद मागितली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्रीच्या खासगीपणाचा भंग ठरवली. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढून ती बंद केली. २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून ‘कौमार्याची लक्षणं’ वगळली. ३१ ऑक्टोबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की यापुढे जो डॉक्टर ही तपासणी करेल, तो गैरवर्तनाचा दोषी ठरेल. एवढं झाल्यावरही ऑगस्ट २०२४च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या सुधारित अभ्यासक्रमात कौमार्याचा विषय परत आला. ओरड झाली आणि काही दिवसांत आयोगाने तो मागे घेतला. कागदावरून खोडलेली गोष्ट डोक्यातून जायला किती वेळ लागतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

शरीर खरोखर काय सांगतं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भीतीने माणूस ओरडतो किंवा पळतो, असं आपण समजतो. पण आपली भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे. बोबडी वळली, दातखिळी बसली, वाचा बसली, हातपाय गळाले, जागच्या जागी थिजलो – हे सगळे शब्दप्रयोग आपण रोज वापरतो. साप समोर आला, घरात चोर शिरला, तर ‘तोंडातून शब्द फुटेना’ हे सांगणाऱ्यावर कोणी शंका घेत नाही. बलात्काराच्या बाबतीत मात्र तेच सांगितलं की ते खोटं वाटतं.

वैद्यकात याला थिजण्याची प्रतिक्रिया म्हणतात. जिवावरचा धोका जाणवला आणि सुटकेचा मार्ग दिसेना, की मेंदूच्या खालच्या, जुन्या भागांतून शरीराला गोठवणारे आदेश जातात. स्नायू ताठर किंवा लुळे पडतात, आवाज फुटत नाही, कधी वेदनाही बधिर होतात. भान असतं, पण हालचाल करता येत नाही. हा निर्णय ती स्त्री घेत नाही, तसा वेळही तिच्याकडे नसतो. स्टॉकहोममधल्या एका तातडीच्या केंद्रात अत्याचारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी लक्षणीय प्रमाणात थिजल्याचा अनुभव सांगितला आणि जवळजवळ निम्म्यांनी तो टोकाचा असल्याचं सांगितलं. ज्या थिजल्या होत्या, त्यांना पुढे आघातोत्तर ताण आणि तीव्र नैराश्य होण्याचा धोका जास्त होता. म्हणजे जी ओरडली नाही, तिलाच पुढे जास्त आधार लागण्याची शक्यता असते, आणि आपण नेमकं तिलाच जाब विचारतो.

इजेचंही तसंच आहे. अंगावर खुणा नसणं हा बळजबरी झाली नसल्याचा पुरावा नाही. धमकी, धाक, गुंगीचा पदार्थ, ओळखीच्या माणसाचा दबाव, यातलं काहीच त्वचेवर उमटत नाही. योनिपटलाबद्दल तर इतके गैरसमज आहेत की स्वतंत्र लेख लिहावा लागेल. थोडक्यात, ते लवचिक असतं, प्रत्येकीत वेगळं असतं, आणि संबंध आला की नाही हे त्याकडे पाहून सांगता येत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत ३६ गर्भवती किशोरवयीन मुलींची तपासणी झाली, तेव्हा केवळ दोघींच्या शरीरावर संबंध आल्याच्या निश्चित खुणा आढळल्या. बाकीच्या ३४ जणीही गर्भवतीच होत्या! म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कौमार्य चाचणीला वैज्ञानिक आधार नाही असं सांगून ती थांबवायचं आवाहन केलं. आपल्याकडे काही समाजांत लग्नाच्या रात्री पांढरी चादर तपासण्याची प्रथा आहे. तिच्याविरुद्ध कंजारभाट समाजातल्या तरुणांनीच आवाज उठवला, त्यामागचं वैद्यकीय सत्य हेच आहे.

मुलगी दोन महिन्यांनी सांगते, प्रसंगाचा क्रम चुकवते, एखादा तपशील विसरते, किंवा सांगताना अगदी कोरडी दिसते, तेव्हाही घरच्यांना शंका येते. आघाताच्या क्षणी मेंदू सलग गोष्ट साठवत नाही. एक वास, एक आवाज, छताचा एक तुकडा लख्ख आठवतो आणि मधलं गळून जातं. रडणं न येणं हाही आघाताचाच एक प्रकार आहे. एप्रिल २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचा एक जामीन आदेश चर्चेत आला, त्यात तरुणीने स्वतःच संकट ओढवून घेतल्याचं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने अशा भाषेबद्दल नाराजी व्यक्त केली. न्यायालयात निदान वर दाद मागता येते. घरातल्या शेऱ्यावर तिने कोणाकडे अपील करायचं?

तुमच्या घरात कोणी सांगितलं, तर

पहिलं वाक्य सोपं ठेवा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस.’ का, कुठे, कोणते कपडे, इतक्या उशिरा का, हे काहीही विचारू नका. डॉक्टर आणि पोलीस हवं ते विचारतील, आणि तिने एकच गोष्ट दहा नातेवाइकांना सांगावी याची काही गरज नसते. ‘कोणाला कळता कामा नये’ हे वाक्यही टाळा. त्यातून तिच्याकडे लाजण्यासारखं काही आहे असाच अर्थ पोहोचतो.

मग लगेच रुग्णालय गाठा. सरकारी असो वा खासगी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ आणि मोफत प्राथमिक उपचार द्यायचेच आहेत. नाकारणं हा गुन्हा आहे. आधी तक्रार नोंदवून या, मग तपासू, असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं. पण सज्ञान स्त्रीला पुरावे द्यायचे नसतील, तर तिचा नकार लिहून घेऊन उपचार द्यावेच लागतात. तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला तिची संमती लागते. कोणी दोन बोटांची तपासणी करू लागलं, तर स्पष्ट नाही म्हणा. मूल अठराच्या आतलं असेल, मुलगा असो वा मुलगी, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

वेळेचं महत्त्व असं: गर्भधारणा टाळण्याची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्ही टाळणारी औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. त्याबरोबर हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस, इतर लैंगिक आजारांसाठी औषधं. पुराव्याचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. शक्य असेल तर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत आणि कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये नकोत. पण अंघोळ झाली असेल, चार दिवस उलटून गेले असतील, तरीही जा. उपचार कधीही सुरू करता येतात. गर्भ राहिलाच, तर बलात्कारपीडितेला कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६, हे क्रमांक फोनमध्ये ठेवा. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेखाली आर्थिक मदत मिळते; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा.

पहिल्या भेटीनंतर पुष्कळ जणी परत येतच नाहीत, कारण पुन्हा जाण्यासाठी घरात कारण सांगावं लागतं. पण दोन आठवड्यांनी औषधांचा त्रास, जखमा आणि झोप पाहायची असते. पाळी चुकली असेल तर गर्भचाचणी करायची असते. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी पुन्हा करायची असते. झोप न लागणं, दचकून उठणं, त्या रस्त्याने न जाणं, अंगाला हात लावू न देणं हे महिन्यापेक्षा जास्त टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. या तारखा तुमच्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि ती हो म्हणाली तर दर वेळी सोबत जा.